शब्दचर्चा : ‘दयामरण’ नको, मग काय म्हणायचं?

म्हार्दोळची सून :

सासूबाईंचं वय ८१. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे त्यांना आताच लिहून ठेवायचं आहे. मसुदा मिळाला तो इंग्रजीत. सासूबाई मराठी चौथी शिकलेल्या, पेपर रोज शेवटच्या पानापर्यंत वाचतात. जे वाचता येत नाही त्यावर सही करणार नाही म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मराठी करायला बसले आणि पहिल्याच परिच्छेदात अडले.

शब्दकोशात ‘दयामरण’ मिळाला. त्या तेव्हा ओसरीवर जायांची माळ गुंफत होत्या. वाचून दाखवल्यावर केळीच्या सोपाचा दोर बोटात तसाच राहिला. “दया? कोणाची? मी काय कोणाच्या दारात उभी आहे?”

मग ‘इच्छामरण’ म्हणून पाहिलं. “ते भीष्माचं. मला मरायची इच्छा नाही गो. नळ्या नकोत, एवढंच.”

हे एवढंच मराठीत नीट कसं म्हणायचं, ते सांगा. माझ्यासाठी हा नुसता भाषेचा प्रश्न नाही. तीन वर्षांपूर्वी वडील अतिदक्षता विभागात होते. अकराव्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी मला आणि भावाला बाहेर बोलावून विचारलं, “व्हेंटिलेटर काढायचा का? तुम्ही ठरवा.” फुप्फुसं, मूत्रपिंडं दोन्ही गेली होती, मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. आम्ही हो म्हटलं. भाऊ अजून म्हणतो, “आपण बाबांची नळी काढली.” दर वेळी तेच क्रियापद, आणि दर वेळी कर्ता ‘आपण’. मला पक्कं वाटतं की त्याच्या मनातला काटा या वाक्याच्या घडणीतही आहे.

वकील, डिचोली :

ताई, आधी कायद्याची बाजू सांगतो, कारण ‘दयामरण’ हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो कोर्टाच्या बातम्यांतून. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर त्या ४१ वर्षांहून अधिक काळ भान हरपलेल्या अवस्थेत पडून होत्या. त्यांच्यासंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ७ मार्च २०११ चा. त्यांना मरू देण्याची परवानगी मिळाली नाही. त्यांची इतकी वर्षं सेवा केलेल्या केईएमच्या परिचारिकांना ती नको होती, आणि कोर्टानं त्यांचं म्हणणं मोलाचं मानलं. पण काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवता येतील, हे तत्त्व त्या निकालानं मान्य केलं. अरुणाताई गेल्या मे २०१५ मध्ये, न्यूमोनियानं. त्या काळात मथळ्यांत एकच शब्द असायचा, ‘दयामरण’.

९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्येच, म्हणजे जगण्याच्या हक्कातच आहे असं सांगितलं आणि असा आगाऊ कागद वैध ठरवला. पण त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागे, त्या पायरीवरच लोक अडत. २४ जानेवारी २०२३ ला ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ मत देतं, मग दुसरं मंडळ ते तपासतं, दोघांनीही शक्यतो ४८ तासांत. सासूबाईंच्या कागदात, त्या बोलू शकल्या नाहीत तर त्यांच्या वतीनं कोण बोलेल, त्यांची नावंही लिहा.

आपल्या गोव्यात हे कागदावरच राहिलेलं नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचाच असा दस्तऐवज करून ठेवला.

एक सावधगिरीची सूचना. इंग्रजीत या कागदाला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, पण मराठीत ‘इच्छापत्र’ म्हणू नका. गोव्यात इच्छापत्र म्हटलं की माणसाला वाटणी दिसते. पोर्तुगीज काळापासून आपल्याकडे निम्म्या मालमत्तेवर वारसांचा हक्क राखलेला, उरलेल्या निम्म्याचंच इच्छापत्र करता येतं. माझ्याकडे एक आजोबा आले होते. ‘जिवंतपणीचं इच्छापत्र’ ऐकून त्यांना वाटलं, मुलं आताच घर मागताहेत. समजूत घालायला अर्धा तास गेला. ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश’ म्हणा. जड आहे, पण त्याचा भलता अर्थ कुणी काढणार नाही.

वाळपईचा डॉक्टर :

आमच्या शास्त्रातही ‘दयामरण’ आता चालत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१८ मध्ये या विषयातल्या संज्ञांच्या व्याख्याच प्रसिद्ध केल्या आणि ‘पॅसिव्ह युथनेशिया’ (उपचार थांबवून येऊ दिलेलं मरण) हा प्रयोग वापरू नये असं सांगितलं. कारण साधं आहे. युथनेशियात डॉक्टर मृत्यू घडवून आणतो, तोच त्याचा हेतू असतो. उपयोग उरलेला नाही असे उपचार थांबवताना हेतू असतो तो त्रास न वाढवण्याचा, आणि मृत्यू येतो तो आजारानं. एकाच शब्दाखाली दोन्ही घातलं की घरच्यांना वाटतं आपण खून केला, आणि डॉक्टरला वाटतं आपण आत जाणार.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत वाक्य असं हवं होतं : “उपचारांचा आता उपयोग होत नाही. ते थांबवावेत असं आमचं मत आहे. तुमच्या वडिलांना काय आवडलं असतं?” त्यात निर्णयाचा भार डॉक्टर स्वतःकडे घेतो. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणं चूकच होतं. आमच्या शिक्षणात हे बोलायला फार कमी शिकवतात.

कागदाची गरज का, तेही सांगतो. अमेरिकेत पाच रुग्णालयांतल्या नऊ हजारांवर अत्यवस्थ रुग्णांचा एक मोठा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते चालू करण्याचा प्रयत्न नको, असं ज्या रुग्णांना वाटत होतं, त्यांच्या डॉक्टरांपैकी निम्म्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

वॉर्डातली सिस्टर (आता निवृत्त) :

डॉक्टर म्हणतात ते खरं, पण घराघरात जो शब्द ऐकू येतो तो वेगळाच. ‘डामा’. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणं म्हणजे ‘डामा घेणं’. नातेवाईक म्हणतात, “सिस्टर, आमच्या जबाबदारीवर नेतो.” त्या कागदावर सही करताना माणसाचा हात बघा कधीतरी. आईला घरच्या तुळशीपुढे नेतोय आणि कागदावर लिहिलंय ‘सल्ल्याविरुद्ध’. म्हणजे जाताना गुन्हा कबूल केल्यासारखं. आणि असं नेलं की सोबत ना वेदनेचं औषध, ना कुणाचा फोन नंबर. गाडीत ऑक्सिजन असतो तेवढाच, घरी पोचल्यावर तोही काढतात.

म्हार्दोळच्या ताईंचं क्रियापदाबद्दलचं म्हणणं मला अगदी पटलं. आम्ही ‘लावणे’ आणि ‘काढणे’ असं बोलतो. सलाईन लावलं, नळी लावली, मशीन लावलं. लावलेलं काढलं की काहीतरी ओरबाडून घेतल्यासारखं वाटतं. मुळात लावलंच नाही तर कुणाला तसं वाटत नाही. नीतीच्या दृष्टीनं ‘न लावणे’ आणि ‘लावलेलं थांबवणे’ यांत फरक नाही असं आम्हाला शिकवलं, पण मराठी कानाला फरक आहे. म्हणून मी नातेवाइकांशी बोलताना ‘काढणे’ कधी म्हणत नसे. “आता मशीनचं काम संपलं, आपलं सुरू झालं,” असं सांगायची आणि खुर्ची खाटेजवळ ओढून द्यायची.

मॉर्फिनचंही तेच. लोकांना वाटतं मॉर्फिन म्हणजे शेवटची सुई. मात्रा नीट बसवलेली असली की माणूस त्यावर बसून पेज जेवतो, नातवाशी बोलतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मडगावकर :

‘हॉस्पिस’, म्हणजे शेवटच्या आजारातल्यांची काळजी घेणारं ठिकाण, हाच शब्द ठेवला तर? माझ्या आत्याला विचारलं. ती म्हणाली, “हॉस्पिसियोत ना? पाय मोडला तेव्हा मी होते की तिथे.” आमच्या मडगावात हॉस्पिसियो म्हणजे सरकारी रुग्णालय, एकोणिसाव्या शतकापासूनचं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाहुणचार. तिकडे म्हापशाचं रुग्णालय आझिलो, म्हणजे आश्रय. दोन्ही नावं धर्मशाळेसारखी, बरं करायचं वचन एकातही नाही. पण आता तो शब्द गोव्यात वेगळ्या अर्थानं बसलाय, तो हलणार नाही.

एक चांगला शब्द मात्र आपल्या दारातच आहे. लोटलीला शांती अवेदना सदन आहे, शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी. या संस्थेचं मुंबईचं केंद्र १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं. अवेदना! नावात मरण नाही, दया नाही, फक्त वेदना नसणं आहे.

पंतोजी, पेडणे :

अवेदना सुंदरच. पण ती स्थिती झाली; कृतीला शब्द हवा. ‘पॅलिएटिव्ह’ला, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या सेवेला, कोशात उपशामक, परिहारक असे शब्द सापडतात. ‘पॅलियम’ म्हणजे लॅटिनमध्ये अंगावर घ्यायचा झगा. पांघरूण घालणं ही त्यामागची कल्पना, आणि आपल्या ‘उपशामक’मध्ये ती ऊब उतरत नाही. उपशामक म्हटलं की खोकल्याची बाटली आठवते.

माझं मत ‘शुश्रूषा’ला. हा शब्द आपण रोज वापरतो, बहुधा ‘सुश्रुषा’ असा चुकीचा लिहितो, आणि त्यामुळे त्याचं मूळ झाकलं जातं. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्या धातूचं इच्छादर्शक रूप शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायला जवळ बसणारा शिष्य त्याची सेवाही करी, त्यावरून सेवा हा अर्थ आला आणि पुढे रुग्णसेवा. वरच्या डॉक्टरांनी सुचवलेला प्रश्न आणि सिस्टरनी ओढलेली खुर्ची, दोन्ही या एका शब्दात आहेत.

आणि मरणाबद्दल बोलायला मराठी कधी लाजलेली नाही. ‘सोनं झालं’ म्हणतो आपण म्हातारं माणूस शांत गेलं की. ‘सुटली’ म्हणतो. देवळाच्या पायरीवर बसून ‘अनायासेन मरणं, विना दैन्येन जीवनम्’ मागतो. सासूबाईंना दया खटकली ती यामुळेच. त्या दैन्य नको म्हणताहेत, आणि दया दीनावरच करतात.

म्हार्दोळची सून :

पंतोजी, शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, पण माळ खाली ठेवली.

तर ‘शुश्रूषा’ घेतला. उरलं ते उपचारांचं. मला ‘उपचार आवरते घेणे’ सुचतंय. भजन आवरतं घेतात, तसं. यात मध्येच तोडणं नाही.

वकील, डिचोली :

बोलण्यात घ्या, कागदात नको. ‘आवरते घेणे’चा अर्थ एक डॉक्टर ‘कमी करणे’ असा लावेल, दुसरा ‘बंद करणे’. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या मुलाला संदिग्ध वाक्य देऊ नका. स्पष्ट लिहा : श्वासनलिकेत नळी घालू नये, व्हेंटिलेटर लावू नये, लावलेला असल्यास थांबवावा, हृदय बंद पडल्यास छाती दाबू नये, डायलिसिस करू नये.

वाळपईचा डॉक्टर :

वकिलांशी सहमत. पण ‘नये’ची यादी संपल्यावर लगेच काय करावं तेही लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं या बाईंना काहीच नको. हे भावनेपोटी सांगत नाही. २०१० मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला, पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे १५१ नवे रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि सोबत पहिल्यापासून अशी शुश्रूषा, निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार. शुश्रूषा मिळालेल्यांचं जगणं सुसह्य झालं, शेवटी कठोर उपचार कमी घ्यावे लागले, आणि आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) ८.९ ऐवजी ११.६ महिने आला. हा एका आजारावरचा एक अभ्यास आहे, त्याचं सगळीकडे वचन देता येत नाही. तरी ‘शुश्रूषा म्हणजे हार मानणं’ असं कुणी म्हटलं की मी हा दाखवतो.

एक वाचक :

‘ब्रेन डेड’लाही हेच लागू का?

वाळपईचा डॉक्टर :

नाही. मेंदूमृत्यू ठरलेल्या तपासण्यांनी निश्चित झाला की तो मृत्यूच, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मान्य केलेला. तिथे जगवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. कोमा वेगळा. पेपरवाले दोन्ही एकच समजतात, तेवढं टाळा.

म्हार्दोळची सून :

मसुदा झाला. मुख्य वाक्य असं : “मी बरी होण्याची आशा उरलेली नाही असं डॉक्टरांनी ठरवल्यास माझं मरण लांबवणारे पुढील उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत. माझी शुश्रूषा शेवटपर्यंत चालू ठेवावी. वेदनेवर लागेल तितकं औषध द्यावं.” त्याखाली वकिलांची यादी.

काल रात्री भावाला फोनवर वाचून दाखवलं. ‘थांबवावेत’पाशी त्यानं पुन्हा वाच म्हणून सांगितलं. मी वाचलं. मग म्हणाला, “बाबांचे उपचार थांबवले,” आणि थोड्या वेळानं, “आजारानं गेले ते.” इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

आज सासूबाईंनी चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं. एक ओळ वाढवायला सांगितली : “माझे ओठ कोरडे पडू देऊ नका.” त्यांच्या सासूचे पडले होते म्हणे, बांबोळीच्या रुग्णालयात, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सिस्टर, याला काही वैद्यकीय शब्द आहे का? नोटरीकडे सोमवारी जायचंय.

वॉर्डातली सिस्टर :

मुखाची निगा वगैरे लिहितात. तुम्ही नका लिहू. त्यांनी सांगितलं तसंच ठेवा. रात्रपाळीच्या मुलीला कापूस भिजवायचा हे त्यावरून लगेच कळेल.