उतरत्या स्लॅबवर चिकटवलेली कौलं: गोव्यात हे छप्पर की नुसती टोपी?

वळचण (मंचावर धागा सुरू करताना; ही आणि पुढची नावं सभासदांची टोपणनावं)

पर्वरीपासून काणकोणपर्यंत नव्या बंगल्यांचा एक साचा ठरून गेलाय. पाच इंची स्लॅब उतरता ओतायचा, त्यावर सिमेंटच्या मालात मंगळुरी कौलं दाबून बसवायची आणि जाहिरातीत ‘गोव्याची पारंपरिक शैली’ म्हणायचं. माझ्या मते यात दोन छपरांचा खर्च होतो आणि धड एकही छप्पर मिळत नाही.

कौल म्हणजे भाजलेली माती, ते थोडं पाणी पिणारच. पाऊस उघडला की वरून-खालून वारा लागून ते वाळतं. कौलाखाली माल भरला की तो वारा बंद. पश्चिमेच्या झोडपणीने कौलांच्या सांध्यांतून उलटं शिरलेलं पाणी स्लॅब आणि कौल यांच्यामध्ये अडकतं, माल स्पंजासारखा भिजून राहतो आणि जूनमध्ये शिरलेली ओल चवथीच्या सुमारास छतावर काळ्या ठिपक्यांनी उमटते. वरची कौलं शाबूत असतात, म्हणून गळती नेमकी कुठे ते कळत नाही. शोधायचं तर कौलं फोडावी लागतात, कारण मालात बसलेलं कौल अख्खं निघत नाही. रिपांवरचं (आडव्या पट्ट्यांवर नुसतं टेकवलेलं) कौल फुटलं तर शेजारचं उचलून दोन मिनिटांत बदलता येतं.

आणि वजन बघा. चौरस मीटरला साधारण 15 कौलं, म्हणजे 40 किलोच्या आसपास. पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेत 300 किलोच्या वर. हे ओझं कशासाठी वाहायचं?

एम तीस

शाकारणीला माणूस आणून दाखवा, मग बोलू. दर मे महिन्यात छपरावर चढून कौलं सारखी करणारे हात राहिलेत किती? शिवाय माकडं, वाळवी, साग-किंदळाचे भाव. वाशांऐवजी लोखंडी पाइप घातले, तर वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. कौलाखाली बंद खोली गार करायला एसी लावलात, तर वीज कौलांच्या फटींतून बाहेर.

गळतो तो स्लॅब उतरता असल्यामुळे नव्हे, वाईट ओतल्यामुळे. तीस अंशांच्या उतारावर पातळ काँक्रीट खाली घसरतं, म्हणून गवंडी व्हायब्रेटर लावायचंच टाळतो आणि स्लॅब मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ राहतो. स्लंप (ओलं काँक्रीट किती बसतं त्याचं माप) 50 ते 75 मिलिमीटर ठेवा, वळचणीकडून आढ्याकडे ओतत जा, उतार तीस अंशांच्या पुढे असेल तर वरूनही फळ्या मारा, आणि एक पाखं (छपराची एक उतरती बाजू) एका दिवसात संपवा. दोन दिवसांच्या कामातला सांधा हाच पुढे गळतो, त्यातही दोन पाखी मिळतात त्या खोबणीत.

दुसरं म्हणजे कव्हर, सळईवरच्या काँक्रीटची जाडी. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक समुद्रकाठची उघडी हवा ‘तीव्र’ गटात धरतं: 45 मिलिमीटर कव्हर आणि काँक्रीटची ताकद किमान एम 30 प्रतीची. इथे सर्रास एम 20 आणि 20 मिलिमीटर चालतं. दहा-पंधरा वर्षांत सळ्या फुगून पोपडे पडले की दोष कौलांना.

वळचण

म्हणजे स्लॅब नीट ओतला की कौलांची गरजच नाही, हे तुम्हीच मान्य केलंत. मग वर ती बसवायची कशाला? शोभेला?

पागोळी

सावलीला. उन्हात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. वर कौलं आणि मध्ये हलती हवा असेल तर तो तापतच नाही. चूक मालाची आहे, कौलांची नव्हे.

करायचं असं. स्लॅबवर उताराच्या दिशेने काँक्रीटच्या 50 मिलिमीटर रुंद, 50 मिलिमीटर उंच पट्ट्या, दोन-दोन फुटांवर. त्यानंतर वॉटरप्रूफिंग, पट्ट्यांच्या अंगावरही चढवून. मग आडव्या एक इंची रिपा, त्यांवर कौलं. स्क्रू 60 मिलिमीटरचा: 25 रिपेत जातो, 35 पट्टीत, स्लॅबला भोक पडतच नाही. आत आलेलं पाणी रिपांखालून वळचणीला उतरतं. स्क्रू स्टेनलेस 316 चा घ्या, साधा जीआय (जस्त चढवलेला) समुद्राजवळ टिकत नाही. रिपांचं अंतर साधारण साडेबारा इंच धरतात, पण गाडी उतरल्यावर त्याच कौलांनी मोजा. कारखान्यागणिक फरक पडतो. आणि वळचणीची फट सिमेंटने बुजवू नका, जाळी लावा. सगळं नीट करून शेवटच्या दिवशी ती फट ‘स्वच्छ दिसावी’ म्हणून लिंपणारे महाभाग आहेत.

वळचण

कागदावर उत्तम. पट्ट्या घालायच्या म्हणजे आठवडाभर मजुरी वाढली. बिल्डर ऐकेल?

सोपोकर

तुम्ही सगळे छपराच्या पोटातच अडकलात. नव्या घरांचं खरं दुखणं म्हणजे तोकडी वळचण. वाऱ्याबरोबर पाऊस 45 अंशांत येतो असं धरा: जेवढी वळचण बाहेर, तेवढीच भिंत कोरडी. फूटभर बाहेर काढलेली वळचण दहा फुटी भिंतीचा वरचा एक फूट वाचवते. खाली बिनगिलाव्याचा चिरा (जांभा दगड), कारण हल्ली तोच फोटोत छान दिसतो. चिरा पाणी पितो. जुन्या घरांत त्यावर चुन्याचा गिलावा असायचा, पश्चिमेला पडवी किंवा सोपो, आणि मिरगाआधी भिंतीला विणलेले झाप बांधायचे. यातलं काही न ठेवता फक्त कौल उचललं.

चांगल्या इमारतीला कौल लागतंच असंही नाही. पणजीत कांपालची कला अकादमी पाहा. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी वर जाळीसारखी सावली धरली आणि मांडवीचा वारा आरपार जाऊ दिला.

वळचण

तिच्याच खुल्या रंगमंचावरचा स्लॅब जुलै 2023 मध्ये कोसळला, तेही सांगा.

सोपोकर

त्याचं खापर सपाट आकारावर फोडता येत नाही. निगा न राखलेलं कौलारू छप्परही बसतंच.

एम तीस

पागोळी यांच्या पट्ट्या मला मान्य, माझ्या नकाशात घालीन. सोपोकरांना हवी तशी लांब, समजा तीन फुटी, वळचण मात्र काँक्रीटमध्ये काढू नका. पातळ कॅन्टिलिव्हरची (एकाच टोकाला आधार असलेल्या स्लॅबची) मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. ओतताना मजूर तिच्यावरून चालतात आणि ती तळाला बसते. स्लॅब भिंतीपाशी संपवा, पुढचे तीन फूट वासे आणि कौलं. तेवढ्या पट्टीची शाकारणी शिडीवरून होते.

वळचण

मग तीच पट्टी आढ्यापर्यंत न्या की!