उंच चौथरा कशाला?
कुणीतरी सुचवलंय, वडोदऱ्यात शेतमजुराचा ब्राँझचा पुतळा उंच चौथऱ्यावर बसवावा. उंची आपल्या शहरातल्या ‘काळा घोडा’ पुतळ्याला शोभते, तिथं घोड्यावर सयाजीराव महाराज आहेत! मजूर रस्त्यावरच्या माणसाजवळ हवा. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात ‘संथाळ कुटुंब’ (संथाळ म्हणजे तिकडचे आदिवासी) घडवलं ते सिमेंट आणि जांभ्याच्या खडीत. गड्याच्या खांद्यावर कावड, तिच्या टोपलीत पोर. सोबत डोक्यावर ओझं घेतलेली बाई आणि कुत्रं. बिऱ्हाडच निघालंय. अंग सगळं खरबरीत, पॉलिश नावाला नाही. बैजांचेच शिष्य शंखो चौधुरी आपल्या वडोदऱ्याच्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकवायचे, म्हणजे ही परंपरा घरचीच. फक्त टेंडर काढून तोच तो नांगरवाला शेतकरी आणू नका. ओटीत कापूस वेचणारी बाई करा की!