साक्षीदाराच्या दाराशी आलेले प्रेम : ‘द विटनेस’मधला ब्रुक्स मला का पटत नाही

नोरा रॉबर्ट्स यांची ‘द विटनेस’ (२०१२) ही कादंबरी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली आणि पहिल्या वेळी जे खटकले होते ते आता अधिकच खटकले, म्हणून हा धागा काढत आहे. (पुढे कथानक उघड होते.) १६ वर्षांची एलिझाबेथ फिच शिकागोत रशियन टोळीने केलेले दोन खून स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, तिच्या रक्षणासाठी नेमलेले दोन मार्शल (साक्षीदारांना संरक्षण देणारे अमेरिकी केंद्रीय अधिकारी) त्यांच्याच खात्यातल्या फितुरांमुळे तिच्या १७व्या वाढदिवशी मारले जातात आणि ती पळून जाते. १२ वर्षांनंतर ती अर्कान्सॉमधल्या बिकफोर्ड गावाबाहेर अ‍ॅबिगेल लोअरी या नावाने राहते. घराला कडेकोट सुरक्षा आहे, सोबतीला निरनिराळ्या भाषांतल्या आज्ञा पाळणारा बर्ट नावाचा धिप्पाड कुत्रा आहे, आणि किराणा आणायला जातानाही जवळ पिस्तूल असते.

नेमके तेच गावच्या पोलीस प्रमुखाच्या, ब्रुक्स ग्लीसनच्या, नजरेत भरते आणि तो न बोलावता तिच्या घरी येऊ लागतो. जिला वर्दीतल्या माणसांनीच दगा दिला, तिच्या नकाराला न जुमानता पुन्हा पुन्हा दाराशी उभे राहणे याला लेखिका प्रेमातली चिकाटी म्हणून रंगवते, तर मला तो अधिकाराचा गैरवापर वाटतो.

पानवेल : मी पूर्णपणे असहमत आहे. अ‍ॅबिगेल त्या घरात सुरक्षित होती असे आपण गृहीत धरत आहात; प्रत्यक्षात ती १२ वर्षे कैदेत होती, फरक इतकाच की कुलूप तिने आतून लावले होते. ब्रुक्सची आई घराच्या भिंतींवर चित्रे रंगवते आणि परक्या माणसालाही सहज घरात सामावून घेते. अशा घरात पाऊल टाकताना कुठे बसावे, काय बोलावे हेही अ‍ॅबिगेलला कळत नाही, आणि हे वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला होता. शिवाय टोळीची पाळेमुळे खणायला ती स्वतःच संगणकाचे ज्ञान वापरते. तिला कोणी उचलून वाचवलेले नाही.

साक्षपुरावा : मी काही वर्षे फौजदारी न्यायालयात काम केले आहे, त्यामुळे माझा आक्षेप वेगळ्या बाजूने आहे. खुनाच्या खटल्यातली एकमेव साक्षीदार आणि पोलीस अधिकारी यांचे प्रेमसंबंध असतील, तर उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारील, आणि ‘साक्ष पढवलेली आहे’ हे सुचवायला त्याला दुसरे काही लागणार नाही. प्रेमकथेच्या ओघात लेखिकेने या अडचणीला पुरेसे वजन दिलेले नाही. दुसरे असे की, अमेरिकेतली साक्षीदार संरक्षण योजना १९७०च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातून आली, आणि नियम पाळणाऱ्या एकाही संरक्षित व्यक्तीचा जीव गेलेला नाही असे मार्शल खाते सांगत आले आहे. तिथे जाणाऱ्यांतले बहुसंख्य स्वतः गुन्ह्यांत अडकलेले असतात. एलिझाबेथसारखी निरपराध मुलगी हा विरळा अपवाद आहे.

पानवेल : पण खात्याचा तो दावा नियम पाळणाऱ्यांपुरताच आहे, आणि कादंबरीत तर नियम करणाऱ्यांमधलेच दोघे विकले गेले आहेत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली ती डिसेंबर २०१८मध्ये, म्हणजे या कादंबरीनंतर सहा वर्षांनी. साक्षीदार फितूर झाल्याच्या बातम्या वाचतच आपण मोठे झालो, म्हणून अ‍ॅबिगेलचा व्यवस्थेवरचा अविश्वास मला मुळीच अतिरंजित वाटला नाही. तो अविश्वास एखाद्या योजनेने नव्हे, एका माणसानेच दूर होऊ शकतो.

धागाकर्ती : ब्रुक्सच्या आईच्या घरातला प्रसंग मी घाईने वाचला होता, हे मान्य करते, तो पुन्हा काढून वाचला आणि तिथे अ‍ॅबिगेल स्वतःहून एकेक पाऊल पुढे टाकते हे दिसले. पण पानवेल, तिच्या नकारानंतरही ब्रुक्स तिच्या घरी येत राहतो, त्या भेटींबद्दल आपण अजून काहीच बोलला नाहीत, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. हाच माणूस पोलीस प्रमुख नसता, गावातला एखादा सुतार असता, तर तिला दार लावून घेता आले असते. बिल्ला लावलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायची सोय तिला नव्हती.