'25 वर्षांतून एकदा' येणारा पूर म्हणजे नेमका काय?

सीनाकाठ: मोहोळजवळच्या आमच्या जागेच्या कागदावर 'निळ्या पूररेषेच्या आत' असा शेरा आलाय. चुलते म्हणतात, निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर. सीनेला 2025 च्या सप्टेंबरात येऊन गेला, आता 2050 पर्यंत बिनघोर बांध. खरं का?

नकाशेवाला: चुलत्यांना आधी थांबवा! कुठल्याही एका वर्षी पाणी त्या रेषेला टेकण्याची शक्यता 25 त 1, म्हणजे 4 टक्के, एवढाच त्याचा अर्थ. यंदा पूर आला म्हणून पुढच्या वर्षीचे 4 टक्के घटत नाहीत. त्या घरात 30 वर्षं काढलीत तर निदान एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या घरात जाते. लाल रेषा 100 वर्षांची मानतात, पण 30 वर्षांत तिथंही 26 टक्के आहेतच. 'वार्षिक 4 टक्के शक्यतेचा पूर' असं लिहिलं तर घोळ होणार नाही, पण सरकारी मराठीत ते लिहितंय कोण!

वाळवंट: आणखी एक घोळ. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत 'निषिद्ध क्षेत्र', निळी ते लाल 'नियंत्रित क्षेत्र'. आमच्या पंढरपुरात काहींना वाटतं, वर उजनी आहे म्हणजे पाणी नियंत्रित. अहो, नियंत्रण पाण्यावर नाही, बांधकामावर! नीरा भीमेला मिळते ती नरसिंहपूरला, उजनीच्या खाली. उजनीचे दरवाजे बंद असले तरी नीरेवरच्या वीर धरणातून विसर्ग वाढला की चंद्रभागा, म्हणजे आमची भीमाच, चढते.

सीनाकाठ: आणि पूरप्रवण, पूरबाधित?

नकाशेवाला: पूरप्रवण म्हणजे जिथं पूर येऊ शकतो ते. बाधित म्हणजे पाणी शिरलं ते.

मास्तरीणबाई: 'पूरमैदान' हा शब्द मात्र मला पुस्तकी वाटतो. पुराच्या गाळानं झालेल्या जमिनीला आपल्याकडं मळी म्हणत. (सोलापुरात आता मळी म्हटलं की साखर कारखान्याचीच आठवते, ते सोडा.) पीक काळीत, वस्ती पांढरीत, आणि पांढरी बहुधा उंचवट्यावर. आता प्लॉट पडतात ते मळीतच.

सीनाकाठ: म्हणजे आमचं घर होणारच नाही?

नकाशेवाला: निषिद्धात नाही. शेती करा, बाग लावा. पण गटाचा थोडा भाग निळ्या रेषेबाहेर येतो का, ते जलसंपदाच्या पूररेषा नकाशावर बघून घ्या. येत असेल तर तिथली पूरपातळी मीटरमध्ये लिहून घ्या आणि जोतं तिच्या वर धरा.