कोजागिरीला ‘देऊळ’ लावायचा की नाही? (सोसायटी ग्रुप)

कुलकर्णी काका (ए-३०२): नमस्कार. कोजागिरीला गच्चीवर ‘देऊळ’ सिनेमा दाखवणार, असं बोर्डावर वाचलं. आमच्याकडे तीन पिढ्यांची दत्तभक्ती. दत्तजयंतीला वाडी चुकत नाही. सणासुदीला दत्ताची टिंगल बघायला वर यायचं का? विचारलंत कोणाला?

सावंत (सेक्रेटरी): काका, मीटिंगमध्ये ठरलं. तुम्ही नव्हता.

कुलकर्णी काका: रात्री साडेदहाला मेसेज टाकल्यावर कोण येणार?

शिंदे (सी-१०४): गच्चीची चावी कोणाकडे आहे? सतरंज्या न्यायच्यात.

मेधाताई (बी-५०१): काका, रागावू नका, पण दत्ताची टिंगल त्यात कुठेच नाही. केशा करडी गाय शोधायला जातो, उंबराखाली डोळा लागतो आणि त्याला दत्त दिसतात. त्या दर्शनाला सिनेमा एकदाही हसत नाही. टर उडवलीय ती नंतरच्या धंद्याची. प्रभावळकरांचे अण्णा दवाखान्यासाठी जीव तोडतात, नाना पाटेकरांच्या भाऊंनाही ते पटलेलं असतं, तरी उभं राहतं देऊळच. मग दुकानं, लाउडस्पीकर, पुढाऱ्यांची वर्दळ. ज्याला देव दिसला तो केशाच त्यात उपरा होतो. मला तर तो भक्ताच्या बाजूचा सिनेमा वाटतो.

रोहन (बी-२०३): २०११ चं सुवर्णकमळ आहे काका. गिरीश कुलकर्णीला अभिनय आणि संवाद, दोन्हीचे राष्ट्रीय पुरस्कार.

पाटील (ए-१०१): दिग्दर्शक उमेश कुलकर्णी, लेखक गिरीश कुलकर्णी, वर सोनाली कुलकर्णी. काका, तुमच्या घरचंच कार्य आहे 😀

कुलकर्णी काका: विषयाचं गांभीर्य ठेवा.

शिंदे (सी-१०४): गच्चीची चावी??

जाधव वहिनी (सी-४०४): सिनेमा राहू द्या, गेटजवळच्या उंबराचं बोला. लोक थुंकतात म्हणून आधी देवाची टाइल लावली. मग फोटो, मग कट्टा, आता दानपेटी. परवा सासूबाईंसाठी आलेली अँब्युलन्स कट्ट्यामुळे आत वळली नाही. पावसात स्ट्रेचर रस्त्यापर्यंत न्यावं लागलं, यांनी वर छत्री धरली होती.

मोरे (खजिनदार): पेटीचा हिशोब दरवर्षी बोर्डावर लावतो. उगाच संशय नको.

जाधव वहिनी: संशय कुठे घेतला? मी वळणाबद्दल बोलले.

मोरे: सूर कळतो, वहिनी.

सावंत: वैयक्तिक नको, प्लीज.

कुलकर्णी काका: वहिनी, हे मला कोणी सांगितलंच नाही. कशा आहेत आता?

जाधव वहिनी: काल घरी आणलं. बऱ्या आहेत.

कुलकर्णी काका: कट्टा मागे घेण्याच्या अर्जावर पहिली सही माझी. देवाच्या नावावर कोणाचा रस्ता अडता कामा नये. सिनेमाचं मात्र मला अजून पटलेलं नाही. शेवटी मूर्ती चोरतात ना?

मेधाताई: केशाच चोरतो, नदीत विसर्जन करायला. त्या बाजारात त्याला आपला देव ठेववत नाही.

रोहन: ताई, शेवट सांगून टाकलात!!

शिंदे (सी-१०४): चावी?

सावंत: वॉचमनकडे. सिनेमा साडेआठला, दूध बाराला. कट्ट्याचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये.

मोरे: कट्टा हलवायचा खर्च पेटीतून होणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

जाधव वहिनी: का बरं? पेटी कट्ट्यावरचीच आहे ना?