मदत हवी आहे: थंडीत वाफे जागच्या जागी थांबतात, शेवंतीही अर्धीच फुलते

नमस्कार. उन्हाळ्यात माझ्या बागेत टोमॅटो, भेंडी, झेंडू सगळं भरभरून येतं. दिवस लहान व्हायला लागले की मात्र बाग ओकीबोकी होते. या वर्षी मला ते बदलायचंच आहे, कारण वडील आता घराबाहेर फारसे पडत नाहीत. खिडकीतून वाफ्यांकडे बघत बसतात. गेल्या थंडीत त्यांनी दोनदा विचारलं, "तिथे काही लावलं नाहीस का गं?" लावलं होतं, पण दिसण्याइतकं वाढलंच नव्हतं.

झालं असं. टोमॅटोला शेवटपर्यंत फळं येत होती, त्यामुळे ती झाडं काढायला जीव होईना. अखेर उपटली तेव्हा दिवस साडेदहा तासांवर आला होता. लगेच वाफा खणला, शेणखत घातलं आणि पालक, गाजर, बीट, लेट्यूस पेरलं. उगवण छान झाली, पण चार पानांवर रोपं जी थांबली ती दोन महिने तशीच. आमच्याकडे सर्वांत लहान दिवस साडेनऊ तासांचा असतो. पहाटे कधी कधी गवतावरचं दव गोठतं, पण बर्फ साचत नाही. रोपांना खत कमी पडत असेल म्हणून दर आठवड्याला पातळ खत दिलं, तर मावा ही कीड पडली. पाणी रोज संध्याकाळी देत होते. काही रोपं बुडाशी कुजून आडवी झाली.

शेवंतीचं तर मला कोडंच उलगडत नाही. एकाच झाडाच्या फुटव्यांपासून सहा कुंड्या केल्या. मागच्या भिंतीजवळच्या तीन फुलांनी लगडल्या. फाटकाजवळच्या तिघींवर एक कळी नाही, नुसती हिरवीगार पानं. माती, खत, पाणी एकच, आणि ऊन तर फाटकाजवळच जास्त. काय चुकतंय? उन्हाळा संपत आलाय, अजून वेळ हातात आहे का?

प्रतिसाद १
फाटकाजवळ रात्री दिवा असतो का?

धागाकर्ती
हो, रस्त्याचा दिवा आहे. रात्रभर चालू असतो.

प्रतिसाद १
मग तेच कारण. शेवंतीला कळी धरायला लांबलचक, सलग काळोखी रात्र लागते. मध्येच उजेड पडला की झाडाला रात्र लहानच वाटते आणि ते पानंच काढत राहतं. त्या तीन कुंड्या मागे न्या. हलवता येत नसतील तर संध्याकाळी पाचपासून सकाळी आठपर्यंत काळं कापड किंवा खोका झाकायचा. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे रोज करावं लागतं, एकही दिवस चुकवू नका. शेंडे खुडणं मात्र आता बंद करा, नाहीतर कळ्या धरणारे शेंडेच जातील.

प्रतिसाद २
ताई, तुमची रोपं उपाशी नव्हती, त्यांना उजेड पुरत नव्हता. दिवस १० तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. अशा वेळी खत घालून उपयोग नाही. जादा नत्राने पानं कोवळी, लुसलुशीत होतात आणि मावा नेमका तिथेच येतो.

मी थंडीतल्या वाफ्याकडे कोठारासारखं बघतो. झाड आधीच वाढवून ठेवायचं आणि थंडीत लागेल तसं काढत राहायचं. तुमच्याकडे दिवस १० तासांवर कधी येतो ती तारीख शोधा आणि तिथून मागे मोजा. बियांच्या पाकिटावर गाजराला ७५ दिवस लिहिले असतील तर त्यात दोन आठवडे मिळवा, कारण उतरत्या उन्हात सगळंच सावकाश होतं. म्हणजे गाजराची पेरणी जवळपास तीन महिने आधी. पालक ४५ दिवसांचा, त्याला दोन महिने पुरतात. मुळ्याची घाई नाही.

टोमॅटो उपटायला जीव होत नाही हे मी समजू शकतो, माझंही तेच होतं. म्हणून कोबी, बीट, लेट्यूस आताच ट्रेमध्ये पेरा. झाडं निघतील तोवर रोपं तयार असतील. एक सांभाळा, माती तापलेली असेल तर लेट्यूसचं बी झोपूनच राहतं. ट्रे सावलीत ठेवा. गाजराला पुनर्लागवड सोसत नाही, सोटमूळ दुखावलं की गाजर फाटे फुटून वाकडं होतं. त्याच्यासाठी एक वाफा आजच मोकळा करा, टोमॅटोची दोन झाडं गेली तरी चालतील.

पाणी सकाळी, आणि वरची माती सुकली तरच. मात्र दव गोठण्याची रात्र येणार असेल तर आदल्या दिवशी दुपारच्या आत माती ओली करून ठेवा. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. अशा सकाळी पानं कडक झालेली दिसली तर हात लावू नका. दव वितळल्यावरच काढा, नाहीतर ती काळी पडतात. पालक आणि गाजर अशा थंडीनंतर गोड लागतात. गोठण्यापासून वाचण्यासाठी झाड स्वतःच साखर साठवतं.

प्रतिसाद ३
वडिलांच्या खिडकीसमोर नुसती फुलं लावू नका, रंगीत पानंही लावा. फुलं थंडीत रुसतात, पानं नाही. लाल देठाचं बीट, जांभळा कोबी आणि शोभेचा कोबी. शोभेच्या कोबीचा गुलाबी-जांभळा रंग तर गारठा वाढेल तसा गडद होतो. काठाने पॅन्सी आणि कॅलेंड्युला. कडाक्याच्या थंडीआधी दीड महिना लावा, म्हणजे मुळं बसतात. सुकलेली फुलं खुडत राहिलात की पॅन्सी थांबत नाही. झेंडूवर मात्र विसंबू नका, पहिल्या गोठलेल्या रात्रीत तो जातो.

धागाकर्ती
तिघांचेही मनापासून आभार. शेवंत्या संध्याकाळीच मागे नेल्या. बाबांना शोभेच्या कोबीचं सांगितलं तर म्हणाले, दोन्ही बाजूंना लाव, मधे नको, मधे मला गाजरं दिसू देत. उद्या टोमॅटोची खिडकीसमोरची ओळ काढते. लसूण याच वाफ्याच्या कडेला लावला तर चालेल का?

प्रतिसाद २
चालेल. गारठा पडायला लागल्यावर लावा, टोक वर ठेवून पाचेक सेंटीमीटर खोल. थंडी मिळाली नाही तर लसणाचा गड्डा एकसंध राहतो, पाकळ्या सुटत नाहीत. वर वाळक्या पानांचं आच्छादन घाला आणि कोबीपासून वीतभर लांब ठेवा.