मदत हवी आहे: फ्योर्ड घोडीचं गवत भिजवलं की गोठतं

पश्चिम नॉर्वेतल्या फ्योर्ड जातीची घोडी, वय 12, वजन 480 किलो. स्वभावाने गरीब, ओंडके ओढायला दणकट, पण खादाड! उभ्या आयाळीखाली मान टणक झालीय, म्हणजे लॅमिनायटिसची (साखर जास्त झाली की खुरांत येणाऱ्या दुखऱ्या सुजेची) भीती. धान्य बंद. वजनाच्या दीड टक्का, साधारण 7 किलो सुकं गवत बारीक भोकांच्या जाळीतून चार वेळा विभागून देतो. साखर उतरवायला तासभर भिजवावं, तर उणे 10 अंशांत जाळीसकट दगड होतो. उशिरा कापलेलं गवत रखरखीत दिसलं तरी त्यात साखर कमी असेलच असं नाही, त्यामुळे नजरेवर भरवसा नाही. तपासणीला नमुना पाठवलाय. तोवर जवाचं काड मिसळायचंय. पोटशूळ न होता किती चालेल? आणि थंडीत भिजवण्याची कुणाची काही युक्ती?